जातिवंत कुत्र्यांची नेत्रतपासणी

जातिवंत कुत्र्यांमधील आनुवंशिक नेत्रविकार पैदाशीपूर्वी ओळखण्यासाठी नेत्ररोगतज्ज्ञ पशुवैद्याने ठरावीक पद्धतीने केलेली तपासणी आणि तिच्या निष्कर्षांची नोंद. दुखऱ्या डोळ्यावरील उपचारासाठी होणाऱ्या तपासणीहून ही वेगळी आहे. येथे कुत्रा बहुधा धडधाकट असतो, मालकाची तक्रार नसते. प्रश्न पुढच्या वेताचा असतो. वंशावळ बंद असली आणि मोजक्याच नामांकित नरांकडून वारंवार पैदास झाली, की एखादे अप्रभावी सदोष जनुक आई व बाप अशा दोन्ही बाजूंनी पिल्लात येण्याची शक्यता वाढते. विकार कोणता, यावर तपासणीचे वय ठरते. कोली जातीत पिल्लू तीन महिन्यांचे झाले की उशीर झालेला असू शकतो. उलट लॅब्राडॉरला दुसऱ्या वर्षी मिळालेला निर्वाळा पाचव्या वर्षी टिकेलच असे नाही.

इतिहास : कुत्र्यातील दृष्टिपटलाच्या (रेटिनाच्या) क्रमिक ऱ्हासाचे पहिले शास्त्रीय वर्णन स्वीडनमधील मॅग्नुसन यांनी १९११ च्या सुमारास गॉर्डन सेटर जातीवरून केले. ब्रिटनमध्ये हाच प्रकार आयरिश सेटरमध्ये बोकाळला. एच. बी. पॅरी यांनी १९५३ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचे असतानाच त्याला अंधारात दिसेनासे होई आणि पुढे दिवसाची दृष्टीही जाई. बाधित कुत्रा ओळखणे अवघड नव्हते. सदोष जनुक एकाच बाजूने मिळालेला वाहक कुत्रा मात्र शेवटपर्यंत निरोगीच दिसे. त्यावर ब्रीडर मंडळींनी चाचणी-मेटिंगचा मार्ग धरला. संशयित कुत्र्याचा संबंध आंधळ्या जोडीदाराशी लावायचा आणि पिल्ले पाहायची. संशयित वाहक असेल, तर प्रत्येक पिल्लू बाधित निघण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे पाचही पिल्ले निरोगी निघण्याची शक्यता ३२ त १ आणि सातही निरोगी निघण्याची १२८ त १ इतकी उरते. एकही पिल्लू आंधळे निघाले, तर निकाल लागला. ही पिल्ले अर्थातच मुद्दाम जन्माला घातलेली असत. १९९३ मध्ये या जातीतील दोष पीडीई६बी या जनुकातील एका अक्षराच्या बदलात सापडला. तेव्हापासून रक्ताच्या नमुन्यावर वाहक कळू लागला आणि चाचणी-मेटिंगची गरज संपली.

योजना : ब्रिटिश व्हेटरनरी असोसिएशन आणि केनेल क्लब यांची संयुक्त योजना १९६० च्या दशकात सुरू झाली. मेंढपाळी कुत्र्यांची नोंद ठेवणारी इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटीही तिच्यात सहभागी झाली. अमेरिकेत कॅनाइन आय रजिस्ट्रेशन फाउंडेशन ही संस्था १९७४ मध्ये निघाली. नितंबसांध्याच्या दोषांची नोंद ठेवणाऱ्या ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्सने २०१२ मध्ये स्वतःची नेत्रनोंदणी उघडली आणि थोड्याच काळात जुनी संस्था बंद पडली. युरोपात युरोपियन कॉलेज ऑफ व्हेटरनरी ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट्स या संस्थेचे तज्ज्ञ हे काम पाहतात.

अमेरिकी प्रमाणपत्र १२ महिन्यांपुरते असते. ते त्या दिवशी दिसलेल्या डोळ्याविषयी बोलते. कुत्र्याच्या जनुकांविषयी आणि पुढच्या आयुष्याविषयी काहीच सांगत नाही. पिल्लू विकताना ते भिंतीवर लावून दाखवले जाते, तेव्हा तारीख पाहणारे गिऱ्हाईक विरळा. या नोंदींवरून एखाद्या जातीतील विकाराचे प्रमाण काढतानाही जपावे लागते. तपासणीला येतो तो दक्ष ब्रीडर. शिवाय अमेरिकी पद्धतीत सदोष निकाल मालकाच्या संमतीशिवाय नावानिशी जाहीर होत नाही.

पद्धती : प्रथम मायक्रोचिपचा क्रमांक पडताळला जातो, कारण एका वेतातील दोन पिल्लांची अदलाबदल सहज होते. गुंगी सहसा देत नाहीत; मालक किंवा मदतनीस डोके धरून ठेवतो. काचबिंदूची शंका असलेल्या जातीत बुबुळ आणि पारपटल यांमधला कोन विशेष भिंगातून पाहतात; हे काम बाहुली विस्फारण्यापूर्वीच उरकावे लागते. त्यानंतर ट्रॉपिकामाइडचे थेंब घालून वीस-तीस मिनिटे थांबतात. अंधाऱ्या खोलीत स्लिट लॅम्पच्या बारीक प्रकाशपट्टीने पापणीची कड, पारपटल आणि भिंग तपासतात. पापणीवरचा आतल्या बाजूला वळलेला एखादा केस येथेच सापडतो. शेवटी तज्ज्ञ डोक्याला दिवा बांधतो, हातातले भिंग कुत्र्याच्या डोळ्यासमोर धरतो आणि तळ पाहतो. प्रौढ कुत्र्यात तळाच्या वरच्या भागात परावर्तक थराची पिवळी-हिरवी झळाळी दिसते. लहान पिल्लात ती निळसर असते आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास पक्क्या रंगावर येते. हा फरक ठाऊक नसलेला नवखा तपासनीस निरोगी पिल्लालाही सदोष ठरवू शकतो.

कोली नेत्रदोष : हा जन्मजात दोष असल्याने तपासणीच्या वयाचा पेच येथे सर्वांत ठळकपणे दिसतो. दृष्टिपटलामागील रक्तवाहिन्यांचा थर, म्हणजे कोरॉइड, दृष्टिचेतेच्या चकतीच्या बाहेरच्या बाजूला नीट वाढत नाही. भिंगातून तेथे फिकट डाग दिसतो. त्यात मोजक्या, वेड्यावाकड्या वाहिन्या असतात आणि त्यांच्यामधून मागचे पांढरे श्वेतपटल डोकावते. एवढ्यावरच थांबले तर कुत्र्याच्या दृष्टीला फारसा धक्का लागत नाही. काहींमध्ये मात्र चकतीपाशी खळगा, म्हणजे कोलोबोमा, असतो. थोड्यांमध्ये दृष्टिपटल सुटते किंवा डोळ्यात रक्तस्राव होतो आणि तो डोळा जातो. अमेरिकी पशुनेत्रतज्ज्ञ विल्यम मॅग्रेन यांनी १९५३ मध्ये कोलीतील या दोषाकडे लक्ष वेधले. ‘लॅसी कम होम’ या १९४३ च्या चित्रपटानंतर घरोघरी पोचलेली ही जात. तिच्यातील बहुसंख्य कुत्री बाधित असल्याचे अमेरिकेतील जुन्या पाहण्यांतून दिसले.

तपासणी सहा ते आठ आठवड्यांत करावी, असा दंडक आहे. पुढे दृष्टिपटलाच्या मागे रंगद्रव्य साचते, सौम्य डाग त्याखाली झाकला जातो आणि तीन महिन्यांचे पिल्लू निर्दोष दिसू लागते. कोली पाळणारे अशा पिल्लाला ‘गो नॉर्मल’ म्हणतात. डोळा निर्दोष दिसला तरी त्या पिल्लाचे जनुक बाधितच राहते. मोठेपणी तपासून आणलेल्या नराच्या प्रमाणपत्रावर वर्षानुवर्षे विसंबून राहिल्याने दोष पसरत गेला असावा.

२००७ मध्ये हायडी पार्कर व सहकाऱ्यांनी एनएचईजे१ या जनुकातील सुमारे ७,८०० अक्षरांचा गाळलेला तुकडा या दोषाशी जोडला. रफ व स्मूथ कोली, शेटलंड शीपडॉग, बॉर्डर कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड एवढेच नव्हे, तर नोव्हा स्कोशियातील बदकांना भुलवणाऱ्या रिट्रीव्हरमध्येही तोच तुकडा गहाळ आढळला. म्हणजे या सर्वांचा कुणीतरी समान पूर्वज असला पाहिजे. कोलोबोमा केवळ याच जनुकामुळे होतो की त्याला आणखी कशाची जोड लागते, यावर मतभेद आहेत. सौम्य दोषाचे कुत्रे पैदाशीतून वगळावे की नाही, हाही वादाचा विषय. दोष बहुसंख्यांत असलेल्या जातीत सरसकट बंदी घातली, तर पैदाशीला उरतात ती थोडी कुत्री आणि मग दुसरेच विकार डोके वर काढतात. त्यामुळे बाधित किंवा वाहक कुत्र्याचा संबंध निर्दोष जोडीदाराशीच लावावा, असा मध्यममार्गी सल्ला सहसा दिला जातो.

दृष्टिपटलाचा क्रमिक ऱ्हास : एक नाव, अनेक रोग. आधी दंडपेशी मरतात म्हणून रातांधळेपणा येतो, मग शंकुपेशी जातात. परावर्तक थर अवाजवी चकाकू लागतो आणि रक्तवाहिन्या बारीक होतात. घरातले कुत्रे वाटा पाठ असल्याने निभावून नेते. दिवा नसलेल्या जिन्यावरून उतरायला ते का-कू करू लागले किंवा सोफा हलवल्यावर धडकले, की मालकाच्या ध्यानात येते. तोवर कुत्र्याची एक-दोन वेते होऊन गेलेली असतात. लॅब्राडॉर, कॉकर, पूडल अशा वीसहून अधिक जातींत आढळणारा पीआरसीडी हा प्रकार असाच उशिरा उमटतो. त्याचे जनुक २००६ मध्ये सापडले आणि नेमका तोच बदल दृष्टिपटलाचा ऱ्हास झालेल्या एका बांगलादेशी स्त्रीतही निघाला. मॅस्टिफमध्ये हा रोग प्रभावी जनुकामुळे, तर सायबेरियन हस्की आणि सामोयेड यांत एक्स गुणसूत्रामुळे येतो. एका प्रकाराची जनुकचाचणी निर्दोष आली, तरी दुसऱ्या प्रकाराचा धोका उरतोच. म्हणून ती चाचणी केल्यावरही डोळ्याची वार्षिक तपासणी सुटत नाही.

ब्रिटनमधील मेंढपाळी कुत्र्यांत मध्यवर्ती ऱ्हास म्हणून नोंदला जाणारा प्रकार दीर्घकाळ निखळ आनुवंशिक समजला गेला. पुढे त्याचा संबंध ई जीवनसत्त्वाच्या अभावाशी लागला. कुळात दोष की खाण्यात, हे प्रत्येक कुत्र्याबाबत सांगता येत नाही.

ब्रियार्ड जातीतील जन्मजात रातांधळेपणा स्वीडनमध्ये १९८९ मध्ये वर्णिला गेला. आरपीई६५ या जनुकातील दोष त्याच्या मुळाशी निघाला. याच दोषाच्या लॅन्सलॉट नावाच्या ब्रियार्डवंशी कुत्र्याला जनुकोपचाराने दिसू लागल्याचे २००१ मध्ये जाहीर झाले. त्याच जनुकाच्या दोषावरील मानवी उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली.

मोतीबिंदू : स्टॅफर्डशायर बुल टेरियर व बॉस्टन टेरियर यांतील लवकर येणाऱ्या प्रकाराचे जनुक (एचएसएफ४) २००६ पासून माहीत आहे. इतर जातींत चित्र धूसर आहे.

भिंग सरकणे : मुख्यतः टेरियर जातींत, सुमारे तीन ते आठ वर्षे वयात. भिंग पुढे सरकले तर डोळ्यातील दाब झपाट्याने वाढतो आणि उपचाराला काही तासच मिळतात. जनुकचाचणी २०१० पासून.

काचबिंदू : कोनाच्या तपासणीसाठी वर पद्धती पाहा. फ्लॅट-कोटेड रिट्रीव्हर, बॅसेट हाउंड इत्यादी.

पापण्यांचे दोष : पापणी आत किंवा बाहेर वळणे, जादा केस. पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत मूळ अडचण चेहऱ्याच्या घडणीचीच आहे.

भारत : केनेल क्लब ऑफ इंडिया ही नोंदणी करणारी संस्था आहे. घरोघरी पाळल्या जाणाऱ्या लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर, पग या जाती वरील विकारांच्या यादीत येतात. महाराष्ट्रातील कारवान आणि कर्नाटकातील मुधोळ या शिकारी जातींचे नेत्रविकार या नोंदीत घेतलेले नाहीत.