अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू: पाहता पाहता बिघडणारा

"डॉक्टर, हवेच्या तपासणीत तंतू दिसले नाहीत. म्हणजे नाहीतच ना?" जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे काढल्यावर हा प्रश्न हमखास येतो. उत्तर ठरतं ते कोणत्या सूक्ष्मदर्शकाने पाहिलं यावर.

नेहमीच्या, प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला ०.२ मायक्रॉनहून बारीक वस्तू नीट दिसत नाही. पत्र्यांमधला पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे क्रायसोटाइल. त्याचा सुटा तंतू याच्याही सातव्या-आठव्या हिश्श्याइतका बारीक असू शकतो. १९३१ साली बर्लिनमध्ये माक्स क्नॉल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तयार केला आणि अशा गोष्टी दिसण्याची वाट मोकळी झाली. हा तंतू गुंडाळलेल्या चटईसारखा, आतून पोकळ आहे हे १९५० च्या सुमारास त्यातूनच दिसलं. पुढे १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा संबंध फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाशी, मेसोथेलिओमाशी जोडला. आता तंतू नेमका कोणता, हे ओळखणं गरजेचं झालं.

इथेच अडचण आली. तंतू ओळखायचा तर त्यातून इलेक्ट्रॉनचा झोत जाऊ द्यायचा आणि पलीकडे उमटणाऱ्या ठिपक्यांची नक्षी पाहायची. नक्षी हीच स्फटिकाची ओळख. पण क्रायसोटाइलच्या रचनेत ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या गुंफलेल्या असतात. झोताच्या माऱ्याने त्या तुटतात, आतली शिस्त विस्कटते आणि ठिपके पुसट होत जातात. तंतू जागेवरच, पण ओळख गेलेली! निळ्या-तपकिरी जाती या माऱ्याला जास्त टिकतात. नाजूक हा पांढराच. (घाबरू नका, हा झोत गाळणकागदावरच्या नमुन्यावर पडतो, तुमच्या अंगावर नाही.)

म्हणून तंत्रज्ञ झोत मंद ठेवतात आणि नक्षी आधी टिपून घेतात. सावकाश न्याहाळत बसण्याची चैन इथे परवडत नाही. १९८६ च्या कायद्यानंतर अमेरिकेत शाळांमधलं अ‍ॅस्बेस्टॉस काढल्यावर हवा तपासायला, निदान मोठ्या कामांनंतर, हीच पद्धत आली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कारखान्यांना गाळणकागदाची चाचणी लावून दिली. त्यातली मोजणी मात्र प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली होते. तेव्हा अहवाल हातात आला की आधी तपासणीची पद्धत वाचा. ती लिहिलेली नसेल तर प्रयोगशाळेला फोन करून विचारा.