आम्ल, आम्लारी आणि पाणी : संकल्पनेचा इतिहास व बीड परिसरातील संदर्भ

प्रास्ताविक

आम्ल व आम्लारी यांच्या व्याख्या पदवीच्या प्रथम वर्षात शिकविल्या जातात. परंतु एका व्याख्येनंतर दुसरीची गरज का भासली, हा प्रश्न अध्यापनात बहुधा अनुत्तरित राहतो. त्यामुळे विद्यार्थी व्याख्या पाठ करतो. आपल्या शेतातील मातीचा सामू मात्र त्याला उलगडत नाही. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा ऐतिहासिक आढावा बीड जिल्हा व परिसरातील उदाहरणांच्या आधारे घेतला आहे.

अनुभवजन्य ज्ञान

मराठवाड्यात हरभऱ्याच्या पिकावर स्वच्छ फडके पसरून किंवा फिरवून दवासह ‘आंब’ गोळा करण्याची व पोटदुखीवर ती देण्याची जुनी पद्धत आहे. या आंबेत प्रामुख्याने मॅलिक व ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. दुसरीकडे हळदीला चुना लागताच ती लाल होते, हेही घरोघरी ठाऊक होते. म्हणजेच आंबट द्रव, खार आणि रंगबदल या तिन्ही गोष्टी लोकव्यवहारात होत्या.

या ज्ञानाला शास्त्रीय ग्रंथांचाही आधार होता. सुश्रुतसंहितेत वनस्पतींच्या राखेपासून मृदू व तीक्ष्ण क्षार तयार करण्याची कृती आहे. क्षाराचा दाह आम्ल पदार्थाने शमतो असे सांगून त्याची मीमांसा रसांच्या परिभाषेत केली आहे. प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या कृतीचे महत्त्व दाखवून दिले. उदासीनीकरणाची क्रिया ज्ञात होती. तिचे कारण मात्र चवीत शोधले जात होते.

घटकांकडून वर्तनाकडे

युरोपात रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ मध्ये वनस्पतिजन्य रंगांच्या साहाय्याने आम्ले व अल्क ओळखण्याची पद्धत मांडली. लॅव्हॉझिए यांनी आम्लतेचे मूळ ऑक्सिजनमध्ये मानले. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाही, हे डेव्ही यांनी १८१० च्या सुमारास दाखविल्यावर तो विचार मागे पडला. तथापि आम्लता ही पदार्थातील एखाद्या घटकात दडलेली असते, हे गृहीतक कायम राहिले.

स्वीडनच्या स्वांते अर्‍हेनियस यांनी १८८४ च्या प्रबंधातून विचाराची दिशा बदलली व १८८७ मध्ये विचरणाचा सिद्धांत पूर्णत्वाने मांडला. विद्युत अपघट्य पाण्यात विरघळताच आयनांत विभागते; आम्ल हायड्रोजन आयन देते, आम्लारी हायड्रॉक्साइड आयन देते. प्रबंधाला विद्यापीठाने सामान्य श्रेणी दिली, परंतु १९०३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९०९ मध्ये सोरेन्सन यांनी हायड्रोजन आयनांचे प्रमाण मोजण्यासाठी सामूचे माप रूढ केले. या मापात एका एककाचा फरक म्हणजे दहापट फरक होय.

लोणारचा खार

चुन्याच्या निवळीला अर्‍हेनियस यांची व्याख्या तंतोतंत लागू पडते. परंतु बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या पाण्याचे काय? त्या परिसरात काच व साबण यांसाठी लागणारी द्रव्ये मिळत असल्याचा उल्लेख आईन-ए-अकबरीत आहे. येथील खारांना दल्ला, खुप्पल, पापडी अशी स्थानिक नावे होती. या पाण्याचा सामू १० च्या आसपास नोंदविला गेला आहे आणि त्याचे प्रमुख कारण सोडियम कार्बोनेट हे आहे. मात्र सोडियम कार्बोनेटच्या सूत्रात हायड्रॉक्साइड नाही.

हे कोडे १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड व लॉरी यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या व्याख्येने सरळ सुटते. प्रोटॉन देणारे ते आम्ल, प्रोटॉन घेणारी ती आम्लारी. कार्बोनेट आयन पाण्याच्या रेणूकडून प्रोटॉन घेतो व हायड्रॉक्साइड मागे उरतो. येथे पाणी हा केवळ विद्रावक नसून क्रियेतील भागीदार ठरतो.

बीडची जमीन

बीड जिल्ह्यातील काळी जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली असून तिच्यात चुनखडी आढळते. हवेतील कार्बन डायऑक्साइडशी समतोल साधलेल्या चुनखडीमुळे सामू ८.२ च्या आसपास स्थिरावतो. त्यामुळे थोडेसे आम्ल घालून अशी जमीन बदलत नाही. याउलट पाण्याचा निचरा न झाल्यास व सोडियम साचल्यास सामू ८.५ च्या वर जातो आणि जमीन चोपण होते. जायकवाडी व माजलगाव प्रकल्पांच्या कालव्यांखालील भारी जमिनींच्या संदर्भात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे.

चोपण जमिनीवर जिप्सम वापरतात. जिप्सम हे आम्ल नव्हे. त्यातील कॅल्शियम कार्बोनेटला अविद्राव्य स्वरूपात बांधतो व मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेतो. सुटलेला सोडियम मात्र निचऱ्यावाटेच बाहेर जातो. निचरा नसेल तर उपाय अपुरा राहतो.

समारोप

चव, घटक व पाण्यातील वर्तन असा या संकल्पनेचा प्रवास आहे. नव्या व्याख्येने जुनी खोटी ठरविली नाही, तर तिची मर्यादा स्पष्ट केली. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेद्वारे सामूचा आकडा शेतकऱ्यापर्यंत पोहोचविण्याची योजना आहे. तो आकडा चुनखडीचा की सोडियमचा, हे घरी सांगू शकेल असा विद्यार्थी घडविणे ही ग्रामीण महाविद्यालयांतील रसायनशास्त्र विभागांची जबाबदारी आहे. त्यासाठी व्याख्यांबरोबर त्यांचा इतिहास आणि बाटलीतील आम्लाबरोबर परिसरातील माती व पाणी अध्यापनात येणे आवश्यक आहे.