पराभवाचे सोंग : न्यू ऑर्लिन्सच्या फुटबॉलप्रेमींचा इतिहास

अमेरिकेत ‘फुटबॉल’ या नावाने ओळखला जातो तो लंबगोल चेंडू हाती घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या प्रदेशात मुसंडी मारण्याचा, रग्बीच्या कुळातील खेळ होय. आणि त्याच्या राष्ट्रीय लीगची, म्हणजे एनएफएलची, घडण ध्यानात घेतल्याखेरीज तेथील पाठीराख्यांच्या वैतागाचा इतिहास नीट उलगडत नाही. युरोपातील फुटबॉलमध्ये तळाला गेलेल्या संघाची खालच्या श्रेणीत घसरण होते. एनएफएलमध्ये तशी शिक्षा नाही, उलट सर्वांत दुबळ्या संघाला महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड सर्वांआधी करता येते. साखळी सामने संपल्यावर मोजके संघ ‘प्लेऑफ’ या बाद फेरीत जातात आणि तेथे एका पराभवाने वर्षाचा निकाल लागतो. संघ मात्र बहुधा खासगी मालकाचा असतो व लीगच्या संमतीने त्याला तो दुसऱ्या शहरी हलवताही येतो. त्यामुळे वर्षानुवर्षे हरणाऱ्या संघाचा पाठीराखा दुहेरी कोंडीत सापडतो : संघ श्रेणीतून बाहेर फेकला जात नाही, आणि तो शहर सोडून जाईल ही धास्तीही कधी पुरती मिटत नाही.

लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहराला एनएफएलचा संघ मिळाल्याची घोषणा १ नोव्हेंबर १९६६ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी झाली आणि त्याचे नाव ‘सेंट्स’ पडले. सप्टेंबर १९६७ मधील पहिल्याच सामन्यात सुरुवातीची किक झेलून सेंट्सच्या खेळाडूने ९४ यार्ड धाव घेत गुण मिळवले, परंतु तो सामना संघाने २७-१३ असा गमावला. पुढच्या दोन दशकांची चुणूक त्यातच होती असे म्हणण्याचा मोह आवरत नाही. १९६७ ते १९८६ या वीस हंगामांत पराभवांपेक्षा विजय अधिक, असे एकदाही घडले नाही. या काळात आर्ची मॅनिंगसारखा गुणी क्वार्टरबॅक, म्हणजे चाल रचून चेंडू फेकणारा प्रमुख खेळाडू, संघात असूनही त्याच्या भोवतीचा संघ कधी उभा राहिला नाही.

१९८० च्या हंगामात सेंट्सने ओळीने चौदा सामने गमावले आणि अखेरीस १-१५, म्हणजे एक विजय व पंधरा पराभव, अशी नामुष्की पदरी घेतली. त्याच हंगामात प्रेक्षक डोक्यावर किराणा मालाच्या तपकिरी कागदी पिशव्या चढवून, डोळ्यांपुरती भोके पाडून मैदानात बसू लागले. संघाच्या इंग्रजी नावातील पहिले अक्षर गाळून ‘एन्ट्स’ असे टोपणनावही त्यांनी पिशव्यांवर लिहिले. स्थानिक क्रीडा-निवेदक बडी डिलिबर्टो यांनी दूरचित्रवाणीवर स्वतः पिशवी घालून या चालीला हवा दिली. वरवर पाहता हा लाजेने तोंड लपवण्याचा प्रकार होता. परंतु लाजलेला माणूस घरी बसतो, तिकीट काढून येत नाही. या शहराला मुखवट्याची सवय जुनी होती. चाळीस दिवसांच्या ख्रिस्ती उपवासकाळाआधी येणारा ‘मार्डी ग्रा’ हा फ्रेंच परंपरेचा उत्सव येथे ‘क्रू’ नावाची मंडळे मिरवणुका काढून साजरा करतात, आणि त्यात सोंग घेऊन बड्या मंडळींची खिल्ली उडवणे मान्यच असते. पोर्तुगीजांमार्फत गोव्यात रुजलेला कार्निव्हल याच दिनदर्शिकेतून आला आहे. कागदी पिशवी हे अशा शहरातील पाठीराख्यांनी घेतलेले सोंग होते, आणि त्याचा रोख खेळाडूंइतकाच मालकाकडेही होता.

सोंगाची मर्यादा मात्र संघ सुधारू लागल्यावरच दिसली. १९८३ मध्ये अखेरचा साखळी सामना जिंकला असता तर सेंट्स प्रथमच प्लेऑफमध्ये गेले असते. घरच्या सुपरडोम या छत असलेल्या मैदानावर शेवटच्या क्षणांतील एका किकने लॉस एंजेलिस रॅम्सनी तो २६-२४ असा हिरावला. १९८५ मध्ये संघ जॅक्सनव्हिलला जाण्याच्या बेतात असताना टॉम बेन्सन यांनी तो विकत घेतला. नवे प्रशिक्षक जिम मोरा यांच्या हाताखाली १९८७ च्या, खेळाडूंच्या संपामुळे पंधरा सामन्यांच्या झालेल्या हंगामात सेंट्सने बारा सामने जिंकले.

३ जानेवारी १९८८ रोजी सुपरडोममध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध संघाच्या इतिहासातील पहिला प्लेऑफ सामना झाला. पहिले टचडाऊन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम पट्ट्यात पोचवून मिळवलेले सहा गुण, सेंट्सचेच होते. नंतर व्हायकिंग्जच्या अँथनी कार्टरने सेंट्सनी दूर लाथाडलेला चेंडू झेलून ८४ यार्ड पळवला. पूर्वार्धाची वेळ संपत असताना सेंट्सचा एक खेळाडू मैदानावर जास्त भरला, त्याबद्दल व्हायकिंग्जना एक जादा चाल मिळाली आणि तिच्यातही त्यांनी टचडाऊन केले. अंतिम गुणसंख्या ४४-१० होती. वीस वर्षे वाट पाहिलेला घास तोंडाशी येऊन गेला, आणि या दुःखाला पिशवी उपयोगी नव्हती, कारण ज्याची थट्टा करावी असा संघच आता उरला नव्हता. १९९० च्या हंगामात शिकागोने, १९९१ मध्ये वैरी अटलांटाने, तर १९९२ मध्ये फिलाडेल्फियाने सेंट्सना पहिल्याच प्लेऑफ सामन्यात घरी पाठवले. यांपैकी शेवटचा पराभव सर्वांत जिव्हारी लागला असावा : सुपरडोममध्ये २०-७ अशी आघाडी असताना संघ ३६-२० असा हरला. १-१५ च्या वर्षात लोक हसले होते. १२-४ च्या या वर्षात हसण्यासारखे काही नव्हते.

प्लेऑफमधील पहिला विजय अखेर ३० डिसेंबर २००० रोजी, विद्यमान विजेत्या सेंट लुइस रॅम्सविरुद्ध ३१-२८ असा मिळाला. सेंट्स अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये, पोचले तर आपण बायकी झगा घालू अशी पैज डिलिबर्टो मारत असत. ते २००५ च्या जानेवारीत निवर्तले. त्याच वर्षी कॅट्रिना वादळाने शहर बुडवले. २०१० मध्ये संघ खरोखरच त्या सामन्यात गेला, तेव्हा ३१ जानेवारीला झगे घातलेल्या पुरुषांनी त्यांच्या नावाने मिरवणूक काढली. तिच्या अग्रभागी होता तो बॉबी हेबर्ट, जानेवारी १९८८ मधील आणि १९९२ च्या हंगामातील त्या दोन घरच्या पराभवांतील क्वार्टरबॅक. आठवड्याने सेंट्सने इंडियानापोलिसला ३१-१७ असे हरवले.

विजेतेपदाने वैताग संपत नाही, त्याचे रूप पालटते. २० जानेवारी २०१९ रोजी, सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे, २०-२० अशी बरोबरी व दोनहून कमी मिनिटे शिल्लक असताना रॅम्सच्या बचावपटूने चेंडू पोचण्याआधीच सेंट्सच्या खेळाडूला धडक दिली आणि पंचांनी दंड दिला नाही. सेंट्स जादा वेळेत २६-२३ असे हरले. राज्याच्या गव्हर्नरांनी लीगच्या आयुक्तांना निषेधाचे पत्र धाडले, सुपर बोलवर बहिष्कार घालून लोकांनी त्या दिवशी वेगळी मेजवानी मांडली, आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्राने आपले पहिले पान जवळजवळ कोरे ठेवले. प्रकरण एवढ्यावर थांबले नाही. अशा दंडांची चित्रफीत पाहून फेरतपासणी करण्याचा नियम लीगने त्याच वर्षी केला, आणि एका हंगामानंतर तो गुंडाळला. तिकीटधारकांनी भरपाईसाठी दावेही लावले होते. त्यांपैकी एक लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये फेटाळला गेला. तिकिटाने प्रेक्षकाला मैदानात प्रवेशाचा व आसनाचा हक्क मिळतो, त्यापलीकडे काही नाही, असा न्यायालयाच्या निर्णयाचा आशय होता.