पाठीवरचा आकडा



हार्डवेअरच्या दुकानात इंग्रजी आकड्यांच्या पंचांचा संच मागितला, तर पेटीत बहुधा नऊच पंच निघतात. आकडे दहा आणि पंच नऊ, कारण सहाचा पंच फिरवून धरला की नऊ उमटतो. अशाच पंचांनी स्टेनलेस स्टीलच्या घड्याळांच्या मागच्या झाकणावर हाताने क्रमांक ठोकले गेले. आज त्या क्रमांकांविषयी बोलायचे आहे.

काम दिसायला सोपे आहे. पंचाच्या टोकाला उलटा आकडा असतो. तो जागेवर उभा धरायचा आणि वर हातोडा मारायचा. पण स्टेनलेस स्टीलचा स्वभाव निराळा. घाव बसताच दबलेल्या जागी ते आणखी कठीण होते. पहिला घाव हलका पडला, तर दुसऱ्याला जास्त जोर लागतो. आणि मधल्या वेळात पंच केसभर सरकला, तर एका आकड्याचे दोन दिसतात. म्हणून घाव एकच आणि पुरता हवा. झाकण आधी काढून ऐरणीसारख्या भक्कम ठोकळ्यावर नीट टेकवावे लागते, नाहीतर त्याला पोचा येतो. घड्याळावर तसेच ठेवून ठोकले, तर आतल्या चक्राच्या आसाची केसासारखी टोके मोडायची.

पहिल्या महायुद्धातील अनेक मनगटी घड्याळे चांदीची होती. चांदी मऊ, तिच्यावर ठसा सहज उमटे. १९१२मध्ये जर्मनीतील एसेन येथे क्रुपच्या कारखान्यात क्रोमियम-निकेलचे न गंजणारे पोलाद सिद्ध झाले आणि १९३०नंतर घड्याळांच्या डब्यांसाठी त्याचा वापर वाढत गेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने बारा स्विस कंपन्यांकडून एकाच नमुन्याची घड्याळे मागवली. काळी तबकडी, अंधारात चमकणारे काटे, पाण्यापासून संरक्षण अशी त्यांची ठेवण होती. १९४५मध्ये ती हाती आली. त्यांच्या पाठीवर सरकारी मालकीचा तीन रेघांचा बाण, ‘डब्ल्यू. डब्ल्यू. डब्ल्यू.’ ही अक्षरे आणि क्रमांक असत: कंपनीचा एक, सैन्याचा एक. ओमेगाच्या घड्याळांवर सैन्याचा क्रमांक ‘वाय’ या अक्षराने सुरू होई. घड्याळ शिपायाच्या मनगटावर असले, तरी मालक सरकार होते, हे त्या पाठीवर लिहिलेले होते.

पुढची हकीकत अधिक बोलकी आहे. युद्धानंतर यांतील काही घड्याळे डच सैन्याकडे गेली. त्यांच्यावर डच भूदलाची ‘के. एल.’ ही अक्षरे आली. २७ डिसेंबर १९४९ रोजी हॉलंडने इंडोनेशियाचे सार्वभौमत्व मान्य केले. काही घड्याळे नव्या देशाच्या सैन्याकडे राहिली आणि त्यांच्या पाठीवर ‘ए. डी. आर. आय.’ ही इंडोनेशियाच्या भूदलाची अक्षरे व नवा क्रमांक उमटला. ही नंतरची खूण कधी वेडीवाकडी, घाईने केलेली दिसते. पण जुना बाण बहुधा तसाच राहिला. एक साम्राज्य, दुसरे साम्राज्य आणि नवे स्वतंत्र राष्ट्र यांची नोंद रुपयाएवढ्या पत्र्यावर अशी शेजारी शेजारी नांदते.

कोरणे आणि ठोकणे यांत एक फरक आहे. कोरताना धातू निघून जातो. ठोकताना तो खाली दाबला जातो. म्हणून बंदुकीवरचा ठोकलेला क्रमांक कोणी कानशीने घासून काढला, तरी प्रयोगशाळेत आम्लयुक्त द्रावण लावून तो पुन्हा वाचता येतो. वरचा आकडा गेला, तरी खालच्या दबलेल्या धातूत त्याची खूण उरलेली असते. मात्र घासणे त्याहून खोल गेले, की तीही संपते.

आपल्याला हे परके वाटू नये. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालण्याची रीत आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे येऊन स्थिरावलेल्या कितीतरी घरांत पणजीचे माहेरचे आडनाव आज फक्त एखाद्या पितळी डब्यावर उरले आहे. बेळगाव तर १९२२पासून मराठा पलटणीचे प्रशिक्षण केंद्र. या भागातल्या घरांत आजोबांचे सैन्यातले घड्याळ कपाटात असणे नवलाचे नाही.

ते घड्याळ दुरुस्तीला जाते तेव्हा ‘पॉलिश करून नव्यासारखे करून देतो’ असे सांगितले जाते आणि आपण आनंदाने हो म्हणतो. चरे जातात, त्यांच्याबरोबर आकडेही पुसट होतात. एवढी एकच विनंती करतो: घड्याळाचे यंत्र जरूर साफ करून घ्या, पण मागच्या झाकणाला हात लावू देऊ नका. आधी त्यावरची अक्षरे आणि आकडे वहीत उतरवून घ्या, आणि शेजारी लिहा, हे कोणाच्या मनगटावर होते. पोलादाने आकडा जपला आहे. नाव जपणे आपल्याकडे आहे.