४५ दिवसांत बिल चुकतं करा, नाहीतर कर भरा: लघुउद्योगांच्या उधारीचा नियम नेमका काय आहे?

माल पोहोचला, बिल दिलं, पण पैसे कधी, असं विचारलं की 'बघू पुढच्या महिन्यात'. छोट्या कारखानदाराला हे उत्तर नवं नाही. मोठ्या खरेदीदाराकडे तीन-तीन महिने पैसे अडकतात. तोवर कामगारांचा पगार, विजेचं बिल आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. या उधारीला चाप लावण्यासाठी केंद्र सरकारने २०२३च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात कलम ४३बी (एच) आणलं. २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या हिशेबापासून ते लागू झालं.

४५ दिवसांची मुदत मात्र या कलमाने आणलेली नाही. ती २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यातच होती. या कायद्यानुसार लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे, पण ही तारीख ४५ दिवसांपलीकडची असू शकत नाही. करारात ९० दिवस लिहून दोघांनी सह्या केल्या, तरी कायदा ४५च मोजतो. लेखी करारच नसेल तर मुदत फक्त १५ दिवसांची. आपल्याकडे बरेचसे व्यवहार फोनवर आणि शब्दावर होतात, त्यामुळे अनेकांना प्रत्यक्षात हीच १५ दिवसांची मुदत लागू होते आणि ते त्यांच्या गावीही नसतं.

दिवस कधीपासून मोजायचे?

बिलावरच्या तारखेपासून नाही, माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून. मालात खोट असल्याची हरकत खरेदीदाराने १५ दिवसांच्या आत लेखी कळवली, तर ती दूर झाल्याच्या दिवसापासून मोजणी सुरू होते. दोन महिन्यांनी पैसे मागितल्यावर 'माल बरोबर नव्हता' असं तोंडी सांगून ही मुदत पुढे ढकलता येत नाही.

मग २०२३ साली बदललं काय?

जुन्या कायद्यात उशीर झाल्यास व्याजाची तरतूद होती आणि ती कडकही होती. रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. बँक दर ६ टक्के धरला तर व्याज १८ टक्के पडतं. १० लाखांचं बिल मुदतीनंतर सहा महिने थकलं, तर सुमारे ९३ हजार रुपये व्याज होतं. पण हे व्याज मागणार कोण? ज्या गिऱ्हाइकावर कारखाना चालतो त्याच्यावर दावा लावला तर पुढची ऑर्डर जाते. त्यामुळे हा हक्क बराचसा कागदावरच राहिला.

नव्या कलमाने ही जबाबदारी पुरवठादाराच्या खांद्यावरून काढून आयकर खात्याकडे दिली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही आणि ते ३१ मार्चलाही थकलेलं असेल, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष देईल, त्या वर्षीच वजावट मिळते.

समजा, एका भागीदारी फर्मने १० जानेवारीला १० लाखांचा माल स्वीकारला आणि करार ४५ दिवसांचा आहे. मुदत २४ फेब्रुवारीला संपली. ३१ मार्चपर्यंत पैसे दिले नाहीत, तर फर्मचा करपात्र नफा १० लाखांनी फुगतो. ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस धरून ३ लाख १२ हजार रुपये जास्तीचे भरावे लागतात. पुढच्या वर्षी बिल दिल्यावर वजावट मिळेल, पण तोवर कराचे पैसे खिशातून गेलेले असतात.

मार्चमधल्या खरेदीचं गणित जरा वेगळं आहे. १ मार्चला स्वीकारलेल्या मालाची मुदत १५ एप्रिलला संपते. तोवर पैसे दिले तर खर्च जुन्याच वर्षात धरला जातो, १६ एप्रिलला दिले तर तो नव्या वर्षात जातो. जीएसटीसारख्या इतर देण्यांना विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपर्यंत जी सवलत मिळते, ती इथे नाही. उलट फेब्रुवारीत मुदत चुकली पण ३१ मार्चपूर्वी पैसे दिले, तर वजावट जात नाही. उशिराचं व्याज मात्र लागतं आणि ते व्याज खर्च म्हणून दाखवता येत नाही.

कोणाला संरक्षण, कोणाला नाही?

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांनाच हे संरक्षण आहे. त्यात वस्तू बनवणारे आले, तसेच छपाई, दुरुस्ती, वाहतूक यांसारख्या सेवा देणारेही आले. मध्यम उद्योगांना ते नाही. माल पोहोचवल्यानंतर केलेली नोंदणी जुन्या बिलांसाठी उपयोगी पडेलच असं नाही, म्हणून ती आधीच केलेली बरी.

सर्वात जास्त वाद व्यापाऱ्यांवरून आहे. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१पासून उद्यम नोंदणी करता येते, पण ती केवळ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. म्हणजे यंत्रमागवाल्याकडून कापड घेणाऱ्या व्यापाऱ्याने ४५ दिवसांत पैसे द्यायचे, पण तोच व्यापारी पुढच्या दुकानदाराला कापड विकतो तेव्हा त्याला मुदतीचं कोणतंही संरक्षण नाही. कापडधंद्याची साखळी लांबलचक उधारीवरच चालत आली असल्याने २०२४च्या सुरुवातीला सुरतसह अनेक बाजारांतून नाराजी उमटली. ऑर्डर रद्द होणं, मार्चपूर्वी माल परत येणं, 'उद्यम नोंदणी काढून टाका' असा दबाव येणं, अशा तक्रारीही झाल्या. व्यापाऱ्यांची ही अडचण खोटी नाही. पण साखळीतल्या सगळ्यात अशक्त माणसाने इतरांचा धंदा बिनव्याजी पैशावर चालवायचा, हेही फार काळ चालण्यासारखं नव्हतं. मे २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाविरुद्धच्या याचिकेत लक्ष घालण्यास नकार देऊन याचिकाकर्त्यांना उच्च न्यायालयात जाण्याची मुभा दिली.

२०२५मध्ये व्याप्ती वाढली

१ एप्रिल २०२५पासून उद्योगांच्या व्याख्या बदलल्या. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत असेल तर लघु. आधी लघुउद्योगाची उलाढालीची मर्यादा ५० कोटी होती. म्हणजे ८० कोटींची उलाढाल असलेला, पूर्वी मध्यम गणला जाणारा कारखाना गुंतवणूक मर्यादेत असल्यास आता लघु ठरतो आणि त्याची बिलं ४५ दिवसांच्या कक्षेत येतात. पुरवठादारांची जुनी यादी घेऊन बसलेले हिशेबनीस इथेच चुकतात. दरवर्षी पुरवठादाराकडून ताजं उद्यम प्रमाणपत्र मागवणं हा त्यावरचा साधा उपाय.

१ एप्रिल २०२६पासून लागू होणाऱ्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद आहे, फक्त कलमाचा क्रमांक वेगळा.

पैसे अडकलेच तर?

आयकराचा बडगा खरेदीदारावर बसतो, पण त्याने थकलेली रक्कम पुरवठादाराच्या खात्यात येत नाही. त्यासाठी राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करावी लागते. परिषदेने ९० दिवसांत निर्णय द्यावा असं कायदा सांगतो, प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. निर्णय विरोधात गेला आणि खरेदीदाराला त्याला न्यायालयात आव्हान द्यायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. ही अट पुरवठादाराच्या बाजूची आहे.

ज्यांना भांडण नको त्यांच्यासाठी ट्रेड्स ही ऑनलाइन व्यवस्था आहे. खरेदीदाराने मान्य केलेलं बिल तिथे बँका थोडी रक्कम कापून आधीच वटवतात आणि पुढे खरेदीदाराकडून पैसे वसूल करतात. २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५पर्यंत इथे नोंदणी करणं बंधनकारक होतं. नोंदणी केलेली कंपनी प्रत्येक बिल तिथे टाकेलच असं मात्र नाही. त्यामुळे ऑर्डर घेतानाच बिल ट्रेड्सवर टाकण्याचं लेखी ठरवून घेतलेलं बरं. पोहोच-पावतीवर तारीख आणि सही, बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदतीचा लेखी उल्लेख, हे कागद पुढे परिषदेसमोरही लागतात.