चौसष्ट घरांतील चतुरंग सेना

पश्चिम खानदेशातील धानोऱ्याच्या पारावर बसून उत्तरेकडे तोंड केले म्हणजे आधी तापीचे खोरे, त्यापलीकडे सातपुड्याची रांग आणि तिच्याही पलीकडे नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा होऊन वाहणारी नर्मदा, असा तो सारा मुलूख मनश्चक्षूंपुढे उभा राहतो. याच नर्मदेवर बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीने कनोजच्या हर्षाची दक्षिणेची वाट रोखली आणि त्या संग्रामात हर्षाचे हत्ती पडले, हे इ.स. 634 च्या ऐहोळे येथील शिलालेखात रविकीर्तीने कोरून ठेवले आहे. त्याच हर्षाच्या पदरी असलेल्या बाणभट्टाने आपल्या राजाच्या शांततामय राज्याचे वर्णन करताना असा श्लेष साधला आहे की, चतुरंगाची रचना आता केवळ अष्टपदाच्या, म्हणजे चौसष्ट घरांच्या, पटावरच पाहावयास मिळते. ज्याच्या राज्यात सैन्य पटापुरते उरले अशी त्याच्या कवीने ग्वाही दिली, त्याच राजाची खरीखुरी गजसेना नर्मदेवर भंगावी, हा योगायोग मला नेहमीच अंतर्मुख करतो.

मेजावर छोट्या सैन्याची मांडणी करून युद्ध खेळण्याचा जो छंद आज परदेशात भरभराटीस आला आहे, त्याच्या वंशावळीत आपल्या बुद्धिबळाचे स्थान मूळ पुरुषाचे आहे, असे माझे मत आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे म्हणून तो चतुरंग. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात, ज्या ग्रंथाला मराठी माणूस ओवीच्या जुन्या उल्लेखासाठी जिव्हाळ्याने स्मरतो त्यातच, राजाच्या क्रीडांमध्ये चतुरंगाचाही विचार केलेला आहे. दुर्ग, सैन्य, गज आणि अश्व यांच्या विवेचनाइतक्याच गांभीर्याने राजाने या खेळाकडे पाहावे, यावरून त्या काळी पट आणि रणांगण यांमधले अंतर किती थोडे होते हे कळते.

परंतु या इतिहासातील सर्वांत मोलाचा कागद, माझ्या दृष्टीने, सतराव्या शतकातील आहे. पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टाने भगवंतभास्कर नावाचा जो बारा मयूखांचा धर्मनिबंध लिहिला, त्यातील नीतिमयूखात बुद्धिबळाची मांडणी दिली आहे. मध्ये राजा, त्याच्या शेजारी मंत्री, नंतर उंट, मग घोडे, आणि कडेच्या घरांत हत्ती. मंत्र्याचा वजीर झाला एवढे सोडले, तर आपल्या घरांतून आजही पोरे हीच नावे घेऊन डाव मांडतात. रणांगणावरून रथ पूर्वीच हटला होता. पटावरूनही तो हटला, त्याच्या कोपऱ्यातल्या घरी हत्ती येऊन सरळ चालू लागला, आणि ज्या प्राण्याच्या पाठीवर पुढे मराठ्यांच्या फौजेतही जंबुरक नावाची छोटी तोफ बांधली गेली, त्या उंटास तिरकी चाल मिळाली. लष्करातील बदल ज्याप्रमाणे हजेरीपटात रुजू होतात त्याप्रमाणे ते या चौसष्ट घरांत रुजू झाले. तिकडे इंग्लंडात मात्र याच तिरक्या चालीच्या मोहऱ्याचा धर्मगुरू झाला आणि त्याचा रणांगणाशी असलेला संबंध तुटला.

आपल्या जुन्या देशी खेळाचे कायदेही फौजेच्या रीतीस धरून होते. प्यादे शेवटच्या घरास पोचले की ज्या मोहऱ्याच्या ओळीतून ते गेले त्याचाच हुद्दा त्याला मिळे, हवा तो नव्हे. राजास एकदाच घोड्याची उडी मारून निसटण्याची मुभा असे. सर्व फौज कापली जाऊन राजा एकटाच उरला तर बुर्जी झाली म्हणून डाव बरोबरीत सोडून देत. आणि प्याद्याने केलेली मात, ती प्यादेमात, विशेष मानाची समजली जाई. शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द फारसीच्या अमलात आले आणि मराठीत मुरले. पुढे 1814 मध्ये त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथ इंग्रजीत मुंबईस छापला गेला, तो विलायती रीतीच्या खेळास जुळवून घेऊन. देशी कायद्यांची पीछेहाट तेव्हापासूनच सुरू झाली असावी.

विलायतेत याच सुमारास उलट दिशेची हालचाल चालू होती. ब्रुन्सविकच्या हेलविग याने 1780 मध्ये बुद्धिबळाचाच पट वाढवून त्यावर डोंगर, नद्या आणि तोफा आणल्या. प्रशियाच्या राइस्विट्स पितापुत्रांनी तो खेळ नकाशावर नेला आणि 1824 मध्ये पुत्राने सिद्ध केलेली त्याची नियमावली प्रशियाच्या लष्कराने शिक्षणासाठी स्वीकारली. त्यानंतर एच. जी. वेल्स याने 1913 मध्ये खेळण्यांतील शिपायांच्या लढाईस पुस्तकाचे रूप दिले. प्राचीन आणि मध्ययुगीन सैन्यांचे आजचे डाव या परंपरेतले. त्यांपैकी 1990 मध्ये इंग्लंडात निघालेल्या एका सुटसुटीत नियमावलीत प्रत्येक पक्षास सैनिकांच्या बारा पट्ट्या आणि दोघांत मिळून दोन फुटी चौरस भूमी पुरते, आणि दर पाळीस फाशाचे दान पडेल तितक्याच पट्ट्या किंवा पट्ट्यांचे गट हलविता येतात. हा फासा नवा नव्हे. अकराव्या शतकात अल्बेरूनीने हिंदुस्थानात पाहून लिहिलेल्या चौघांच्या चतुरंगात चाराचे दान पडले तर हत्ती, तिनाचे पडले तर घोडा चाले. सेनापतीची आज्ञा प्रत्येक तुकडीपर्यंत पोचेलच असे नाही, हे सत्य फाशाने पटावर आणले होते. आपण तो टाकला, त्यांनी तो उचलला.

इंग्लंडातल्या त्या नियमावलीत प्राचीन हिंदी सैन्याचीही यादी आहे, हे कळल्यावर मी पुठ्ठ्याच्या बारा-बारा पट्ट्या कापल्या, पायदळास चिंचोके, घोडेस्वारांस करंजाच्या बिया आणि हत्तींस शाडूचे गोळे लावले, आणि धानोऱ्यातील माझ्या ओसरीवर निळ्या फडक्याची नर्मदा पसरून पुलकेशी आणि हर्ष यांचा डाव मांडला. युआन श्वांग या चिनी यात्रेकरूने महाराष्ट्राच्या राजाविषयी, म्हणजे पुलकेशीविषयी, लिहिले आहे की, तो युद्धापूर्वी आपल्या शेकडो हत्तींस मद्य पाजून मस्त करी आणि मग त्यांच्यापुढे कोणाचाच टिकाव लागत नसे. खेळाच्या नियमांत हत्ती मागे रेटला गेला म्हणजे त्याच्या पाठीशी असलेली स्वपक्षाची पट्टीही चिरडली जाते. तिसऱ्या पाळीत हर्षाचा मधला हत्ती मागे हटला, त्याच्या मागचे चिंचोके मी उचलून घेतले, आणि फडक्याच्या उत्तरेस जी जागा मोकळी झाली तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिलो.