व्यावसायिक संस्था ते कामगार संघटना : ब्रिटनमधील ‘रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग’ची वाटचाल

प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील परिचारिकांच्या ‘रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग’ या संघटनेच्या भूमिकेचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याने संप करावा काय, हा प्रश्न या संस्थेच्या इतिहासात वारंवार उपस्थित झालेला दिसतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, सारा स्विफ्ट व आर्थर स्टॅन्ली यांच्या पुढाकाराने अवघ्या ३४ सभासदांनिशी हे कॉलेज स्थापन झाले. प्रशिक्षणात एकसूत्रता आणणे व परिचारिकांच्या नोंदणीस कायद्याचे पाठबळ मिळवणे हे त्याचे उद्दिष्ट होते. १८८७ पासून नोंदणीसाठी झगडणाऱ्या एथेल बेडफर्ड फेनविक यांना मात्र या संस्थेवर रुग्णालय-चालकांचा प्रभाव जाणवत असे, आणि ही शंका सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. नोंदणीचा कायदा १९१९ मध्ये झाला. कामगार संघटना म्हणून कार्य करणे कॉलेजला आरंभापासून निषिद्ध होते. पुरुषांना तर १९६० पर्यंत सभासदत्वही नव्हते. याउलट मनोरुग्णालयांतील सेवकांनी १९१० मध्येच आपली संघटना उभारली आणि १९१८ मध्ये संपही केले. एकाच शुश्रूषेच्या क्षेत्रातील हा भेद केवळ तत्त्वाचा नव्हता, वर्गाचाही होता.

१९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर बहुसंख्य परिचारिकांचे वेतन शासनाच्या हाती गेले. पुढे १९७० च्या दशकातील कामगार कायद्यांनी वाटाघाटींचे अधिकार नोंदणीकृत संघटनांशी जोडले, तेव्हा कॉलेजनेही त्या दशकाच्या उत्तरार्धात अशी नोंदणी स्वीकारली. संपबंदीचा नियम मात्र कायम ठेवला. १९८२ च्या वेतनसंघर्षात इतर संघटनांनी काम थांबवले, कॉलेज संपापासून दूर राहिले; १९८३ मध्ये शासनाने परिचारिकांसाठी स्वतंत्र वेतन पुनर्विलोकन मंडळ नेमले. हे संयमाचे फळ असे सांगितले जाते. प्रस्तुत लेखकास त्यात इतरांच्या संपाचा वाटाही तितकाच दिसतो.

संपबंदी १९९५ मध्ये उठली, तरी पहिला संप होण्यास आणखी २४ वर्षे जावी लागली. डिसेंबर २०१९ मध्ये उत्तर आयर्लंडमधील परिचारिका वेतनसमानता व पुरेशा मनुष्यबळासाठी रस्त्यावर आल्या. तेथील विधिमंडळ २०१७ पासून ठप्प होते, त्यामुळे मागणी करावी कोणाकडे हीच अडचण होती. जानेवारी २०२० मध्ये शासन पुन्हा स्थापन झाले आणि वेतनसमानता मान्य झाली.

डिसेंबर २०२२ मध्ये इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथे झालेला संप अधिक व्यापक होता. अतिदक्षता, डायलिसिस, केमोथेरपी यांसारख्या सेवा त्यातून वगळल्या होत्या. म्हणजेच संपाचे नियोजन करतानाही रुग्ण दृष्टीआड झाला नव्हता. इंग्लंडमध्ये शासनाने देऊ केलेली ५ टक्के वाढ कॉलेजच्या सभासदांनी अल्प बहुमताने नाकारली, पण अन्य संघटनांच्या संमतीने ती लागू झाली. जून २०२३ मधील फेरमतदानात मत देणाऱ्यांपैकी सुमारे ८४ टक्के संपाच्या बाजूने होते. तथापि मतदान सुमारे ४३ टक्केच झाले. २०१६ च्या कायद्यानुसार किमान ५० टक्के मतदान आवश्यक असल्याने इंग्लंडमधील संप तेथेच थांबला.